तळघरातल्या म्हाताऱ्या माद्या

पिंजरेबाईंना माणसांपेक्षा उंदीर बरे वाटत, आणि आमच्या संस्थेत तीस वर्षं काढून मीही हळूहळू त्याच मताला आलो. मी तिथल्या भांडाराचा कारकून. काचेच्या नळ्या, हातमोजे, रसायनांच्या बाटल्या, खाद्याच्या गोण्या, जे मागतील ते द्यायचं आणि सही घ्यायची. भांडार तळघरात होतं, आणि भांडाराला लागून प्राणीगृह. वरचे तीन मजले विद्वानांचे. खाली आम्ही दोघं.

प्राणीगृह म्हणजे चार लांबट खोल्या, एकीलाही खिडकी नाही. दिवे बारा तास चालू, बारा तास बंद, यंत्राला घड्याळ लावलेलं. लोखंडी मांडण्यांवर प्लास्टिकचे पिंजरे, वर जाळीचं झाकण, आत लाकडाचा भुसा, पाण्याची उलटी बाटली, आणि एकेका पिंजऱ्यात दोन-तीन पांढरे उंदीर. घरात फिरतात ते नव्हेत. चांगले वीतभर लांब, लाल डोळ्यांचे, हातात घेतले तर बोट हुंगणारे. पिंजरेबाई सकाळी आठला येत. टोपी, तोंडाला पट्टी, रबरी बूट. दुपारपर्यंत दीडशे पिंजरे बदलून होत. उंदराला कसं उचलायचं, नुसत्या चालीवरून तो आजारी आहे हे कसं ओळखायचं, हे वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी पदव्यांना त्यांनी शिकवलं. एकाही पदवीने आभार मानल्याचं मला आठवत नाही.

या पदव्यांचे मुकुटमणी म्हणजे साहेब, हृदयविभागाचे प्रमुख. मी त्यांना अहो-जाहो करतो ती सवय म्हणून, त्यात आदर शोधू नये. साहेब पिंजरेबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, पण बाईंना पहिल्या दिवसापासून 'अगं तू'. त्यांच्या खोलीत भिंतीवर हृदयाचं भलंमोठं चित्र होतं. चित्रातला माणूस रुंद खांद्यांचा, तिशीतला, पुरुष. साहेबांच्या डोक्यात माणूस म्हणून तेवढाच एक राहत होता.

त्यांचे उंदीरही तसेच. साहेबांना दहा आठवड्यांचे नर लागत. कायम नर, कायम तरुण. माद्या जन्मत त्या जास्तीच्या. वीण चालू ठेवायला लागतील तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या पेटीत घालून वायू सोडायचा. हे काम अर्थातच बाईंकडे. एकदा, फार वर्षांपूर्वी, त्यांनी साहेबांना विचारलं होतं, माद्या का नकोत म्हणून. मी तिथेच खाद्याची गोणी मोजून देत होतो.

"माद्यांचं दर चार-पाच दिवसांनी चक्र फिरतं," साहेब म्हणाले. "अंगातली द्रव्यं वरखाली होतात. आकडे बिघडतात. तुला नाही कळायचं."

"नर एकत्र ठेवले की मारामाऱ्या करतात," बाई म्हणाल्या. "एक दादा होतो, बाकीचे कोपऱ्यात बसतात. दादाचं वजन वेगळं, कोपऱ्यातल्याचं वेगळं. त्याने आकडे बिघडत नाहीत?"

साहेब हसले. लहान मूल काहीतरी गमतीचं बोललं की हसतात तसं. मग निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

बाईंनी मग वाद घातला नाही. त्यांनी दुसरंच केलं. वर्षभर वीण देऊन थकलेल्या माद्या नियमाप्रमाणे संपवायच्या असतात, थकलेले नरही. पण प्रत्येक प्राणीगृहात काही प्राणी पहारेकरी म्हणून ठेवायचे असतात. त्यांच्यावर प्रयोग करायचे नाहीत, कुठला रोग शिरला तर तो आधी त्यांच्यात दिसावा एवढाच त्यांचा उपयोग. किती पहारेकरी ठेवायचे याचा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. बाईंनी चौथ्या खोलीतल्या मागच्या मांडणीवर आपल्या म्हाताऱ्या माद्या आणि म्हातारे नर पहारेकरी म्हणून लावले. दर तीन महिन्यांनी येणारा पशुवैद्य कागद न वाचता सही करी. तोही आमच्याच संस्थेला शोभेल असा माणूस.

त्या मांडणीवरची जनावरं दोन-दोन, अडीच-अडीच वर्षं जगत. मेली की बाई त्यांना कापून बघत. हृदय वेगळं काढायचं, टिपकागदावर टेकवायचं, काट्यावर ठेवायचं. मग फुप्फुसं. मग मागच्या पायाच्या नळीचं हाड साफ करून मोजपट्टीवर. म्हातारपणी अंगाचं वजन कसंही होतं, हाडाची लांबी बदलत नाही, म्हणून हृदयाचं वजन हाडाशी ताडून बघायचं. हे त्यांनी साहेबांच्या विद्यार्थ्यांचं बघून उचललं होतं. आकडे शाळेच्या वहीत जात.

"कशासाठी हा उपद्व्याप?" मी एकदा विचारलं.

"माझ्या हातात वाढल्या," त्या म्हणाल्या. "कशाने गेल्या ते मला कळू नये?"

आता माझं सांगतो, म्हणजे माझी अक्कलही कळेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना एका दुपारी भांडारात स्टुलावर चढून वरचं खोकं काढत होतो. छातीवर कुणीतरी गुडघा टेकवल्यासारखं झालं. डाव्या हातात कळ, अंगाला दरदरून घाम. अगदी चित्रातल्यासारखा झटका. आरडाओरडा झाला, साहेब स्वतः तीन मजले उतरून आले, त्यांनी माझ्या तोंडात गोळी घातली आणि आपल्या गाडीतून शेजारच्या रुग्णालयात नेलं. तासाभरात माझ्या हृदयाच्या नळीत तार गेली होती. मी वाचलो. पुढे वर्षभर साहेब पाहुण्यांना मला दाखवत, "हा आमचा माणूस, वेळेवर ओळखला." मीही छाती काढून उभा राही. हृदयाच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं असा माझा समज झाला. ज्याला झटका आला तो तज्ज्ञ, असं मला खरंच वाटत होतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी पिंजरेबाईंना धाप लागू लागली. त्या छप्पन्न वर्षांच्या. तळघरातून वर जायला एकवीस पायऱ्या होत्या. पूर्वी दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढणारी बाई आता अकराव्या पायरीवर कठड्याला धरून उभी राही. संध्याकाळी रबरी बूट निघता निघेनात, घोट्यांवर मोज्याचा वळ खोल उमटे. रात्री एका उशीवर झोपलं की गुदमरतं म्हणाल्या, म्हणून तीन उशा.

त्यांनी आधी मला सांगितलं. मी तज्ज्ञ ना!

"छातीत कळ येते का?" मी विचारलं.

"नाही."

"डावा हात?"

"नाही हो भाऊ. नुसता दम जातो. आणि थकवा. सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं."

"मग हृदय नाही," मी निकाल दिला. "हृदयाचं मला विचारा. हृदय म्हणजे असं पकडतं." आणि मी मूठ छातीवर आपटून दाखवली. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग त्यांनी साहेबांना जिन्यात गाठलं.

"साहेब, जरा विचारायचं होतं."

"बोल, पटकन."

"चार महिने झाले, जिना चढताना धाप लागते. पायांना सूज येते."

"वय किती तुझं?"

"छप्पन्न."

"मग छप्पन्नाव्या वर्षी काय शर्यतीत पळायचंय? वजन उतरव. आणि तुम्हा बायकांचा तो काळ असतो ना, त्यात धडधड, घाम, घाबरणं, सगळं येतं. अगदीच वाटलं तर शेजारी जाऊन दाखव, माझं नाव सांग."

साहेबांचं नाव सांगून बाई शेजारच्या रुग्णालयात गेल्या. तिथल्या डॉक्टरने छातीवर यंत्र फिरवून हृदयाची सोनोग्राफी केली. निकाल दोन मिनिटांत. "पंपिंग बासष्ट टक्के. तुमच्या वयाला झकास. हृदय ठणठणीत आहे, मावशी." पोटात वायू धरत असेल म्हणून एक गोळी दिली, आणि चिंता फार करता म्हणून दुसरी. ती दुसरी खाल्ली की बाई दुपारी पिंजऱ्यांपुढे उभ्या-उभ्या पेंगत. धाप होती तिथेच होती, आता फक्त तिच्याबद्दल तक्रार करायचं त्राण उरलं नव्हतं. औषधाचा हेतू तोच असावा.

घरीही उजेडच. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, सज्जन माणूस, पण डोळ्याला भिंग लावलं की त्याच्यापुढे माणूस मेलं तरी कळू नये असा. "डॉक्टर म्हणाला ना ठीक आहे? मग ठीक आहे." नणंद त्याच घरात राहायची. ती फिरत्या खुर्चीवरून जगाला सल्ले द्यायची. "बायकांना कुठले हृदयाचे आजार! बायका ते देतात." या विनोदावर ती स्वतःच हसे, आणि तिला हसताना बघून भाऊही हसे. पिंजरेबाई मला हे सांगताना म्हणाल्या, "माझ्या मांडणीवरची जनावरं बरी. एखादी दमून बसली की बाकीच्या निदान तिच्याजवळ येऊन बसतात."

असं वर्ष गेलं. मग वरच्या मजल्यावर एक पत्र आलं.

साहेबांच्या संशोधनाला ज्या मंडळाकडून पैसा येई, त्यांनी नवा नियम केला होता. यापुढे नर आणि माद्या दोन्ही घ्या, आणि आजार म्हातारपणाचा असेल तर म्हातारी जनावरंही घ्या, नाहीतर पुढचा हप्ता विसरा. साहेबांचं त्या वेळी एक औषध चाललं होतं. रक्तदाबामुळे हृदयाचा स्नायू जाड होतो, तो होऊ नये म्हणून. तरुण नरांवर सुंदर चाललं होतं. साहेब चिडून बोलत, "विज्ञानात राजकारण घुसलं," म्हणून. हृदयविकाराने मरणाऱ्या माणसांत निम्म्या बायका आणि बहुतेक सगळे म्हातारे, हे ज्याला पंचवीस वर्षं राजकारण वाटलं नाही, त्याला हे पत्र राजकारण वाटलं.

अडचण मात्र खरी होती. म्हातारा उंदीर बाजारात मिळत नाही. तो वाढवावा लागतो, आणि वीस महिन्यांचा उंदीर तयार व्हायला वीस महिनेच लागतात. साहेबांकडे दीड महिना होता. तेव्हा कुणीतरी त्यांना चौथ्या खोलीतल्या मागच्या मांडणीबद्दल सांगितलं. मीच सांगितलं, उगाच कुणीतरी कशाला म्हणू.

साहेब तळघरात आले. टोपी-पट्टी न लावताच आत शिरत होते, बाईंनी दारातच अडवलं.

"बाई, तुमच्याकडे काही जुन्या माद्या आहेत म्हणे," साहेब म्हणाले. तुमच्याकडे! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. गरज पडली की व्याकरण सुधारतं.

"आहेत. चोवीस."

"उत्तम. त्या मला हव्यात. त्यांना औषध देऊ, आणि आमच्या नरांशी तुलना करू."

"तुमचे नर दहा आठवड्यांचे. माझ्या माद्या वीस महिन्यांच्या. फरक निघाला तर तो वयाचा की मादी असल्याचा, हे कसं कळणार?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. त्यांच्यामागे त्यांची संशोधक विद्यार्थिनी उभी होती, पीएचडी करणारी, चष्मेवाली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने मान खाली घातली. हसू लपवत असावी.

"म्हातारे नर वीस आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "तरुण माद्या मारू नका म्हटलं तर उद्यापासून हव्या तितक्या. म्हणजे चार गट होतील. आणि फुप्फुसं मी वजन करणार. प्रत्येकाची."

"फुप्फुसं कशाला? आपण हृदयवाले आहोत."

"मग जनावरं मिळणार नाहीत."

साहेबांनी मान्य केलं. जनावरं संस्थेची होती, ते हुकूमही देऊ शकले असते. पण बाई अडून बसल्या असत्या तर प्रकरण वर गेलं असतं, पशुवैद्याला पहारेकऱ्यांचे कागद वाचावे लागले असते, आणि तसं झालं तर सगळ्यांचीच पंचाईत.

सहा आठवडे प्रयोग चालला. रोज सकाळी चष्मेवाली आणि बाई मिळून नळीने औषध पाजत. आठवड्यातून एकदा छोट्या फिरत्या पट्ट्यावर पळवत. तरुण नर बाणासारखे धावत. म्हातारे नर कुरकुरत, पण धावत. औषध घेतलेल्या म्हाताऱ्या माद्या पहिल्या मिनिटात थांबत, पोट वरखाली होई, पट्टा त्यांना मागे नेई आणि त्या मागेच बसून राहत. बाई त्यांना उचलून घेत आणि स्वतःही स्टुलावर बसत. दोघींना सारखाच वेळ लागे.

शेवटी मोजमापं झाली. तरुण नरांत औषध छान. तरुण माद्यांत ना धड फायदा ना तोटा. म्हाताऱ्या नरांत थोडा फायदा. म्हाताऱ्या माद्यांत हृदयाचं पंपिंग अगदी उत्तम, पण फुप्फुसं काट्यावर ठेवली तर दीड ग्रॅमच्या जागी अडीच, कुठे पावणेतीन. पाण्याने जड झालेली.

साहेबांनी तक्ता बघितला आणि फुप्फुसांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे चूक आहे. पंपिंग चांगलं असताना फुप्फुसात पाणी येईल कशाला? कुणी केली वजनं?"

"बाईंनी," चष्मेवाली म्हणाली.

"मग बरोबर. झाडलोट करणाऱ्या माणसाला काटा दिला की असंच होणार. हा रकाना काढून टाक."

मी सही घ्यायला वर गेलो होतो, हे माझ्या कानांनी ऐकलं. खाली येऊन बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, अकरा वह्या काढल्या आणि चष्मेवालीला बोलावलं.

"हे बघ. औषध न घेता, नुसत्या वयाने मेलेल्या एकशे चाळीस माद्या आणि सत्तर नर. नर आधी मरतात, हृदय पसरून ढिलं झालेलं. माद्या मागून मरतात, पण त्यांचं हृदय ढिलं होत नाही. लहान, कडक, भिंत जाड. आणि बघ, फुप्फुसं जड. तुझ्या औषधाने नवीन काही केलं नाही पोरी, वयाने जे सावकाश होतं ते घाईने केलं."

चष्मेवाली पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "बाई, हृदयाला दोन कामं असतात. आवळायचं आणि सैल पडायचं. सैल पडलं तर त्यात रक्त भरणार. आम्ही फक्त आवळणं मोजतो. मूठ झकास आवळता येते पण नीट उघडता येत नाही, असं हृदय झालं तर रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात. पंपिंग तरीही छान दिसतं. म्हाताऱ्या बायकांत हे फार असतं. मी वाचलंय, पण साहेबांना..."

बाई स्टुलावर बसल्या.

"पंपिंग छान, आणि दम नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पाय सुजलेले. आडवं पडलं की गुदमरणं."

"हो, तसंच."

"माझं पंपिंग बासष्ट टक्के आहे."

चष्मेवालीने त्यांच्या रबरी बुटांकडे बघितलं. मग खाली बसून तिने बाईंच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मी दारात उभा होतो. वर्षभर मी त्या घोट्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता.

त्या मुलीने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हृदयवाल्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना नेलं. तिथे पिंजरेबाईंना कलत्या खाटेवर निजवून पायांनी सायकल मारायला लावली आणि सायकल मारता मारता हृदय तपासलं. शांत निजलेलं हृदय सभ्य दिसतं, काम पडल्यावर त्याचं खरं रूप कळतं. चौथ्या मिनिटाला पडद्यावर दिसलं ते दिसलं. हृदय कडक झालेलं, भरताना दाब चढत होता, रक्त मागे फुप्फुसात तुंबत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी थांबली, रक्तदाब कधीपासून, बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का. बाई म्हणाल्या, वाढला होता, मुलगी झाली तेव्हा, आकडी येण्यापर्यंत गेलं होतं. "हे आजवर कुणी विचारलं नाही?" "हृदयासाठी बाळंतपण कोण विचारतो, डॉक्टर?"

लघवीची गोळी सुरू झाली. मुळात साखरेसाठी काढलेली पण अशा हृदयांना उपयोगी पडलेली आणखी एक गोळी सुरू झाली. रक्तदाब नीट बांधला. चिंतेची गोळी कचऱ्यात गेली. आठवड्यात चार किलो पाणी उतरलं आणि बाई एकाच उशीवर झोपल्या. बाई बऱ्या झाल्या असं कुणी म्हणू नये. कडक झालेलं हृदय पुन्हा मऊ होत नाही, आणि वर्षभर आधी कळलं असतं तर कदाचित कमी कडक झालं असतं. तेवढं एक वर्ष आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं: साहेबांनी, त्या दोन मिनिटांच्या डॉक्टरने, भिंगवाल्या नवऱ्याने, सल्लागार नणंदेने आणि या भांडारातल्या तज्ज्ञाने.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. मला बरोबर नेलं, मी का गेलो माहीत नाही. त्यांनी नवा अहवाल टेबलावर ठेवला.

साहेबांनी चाळला. "हं. वयानुसार असतं हे थोडंफार."

"तुम्ही वायू म्हणाला होता."

"मी नाही, त्या डॉक्टरने."

"तुम्ही वजन म्हणाला होता. आणि बायकांचा काळ." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याच तक्त्यात माझा आजार लिहिलेला आहे, आणि तुम्ही तो रकाना काढायला सांगितलात. हृदयावर पंचवीस वर्षं काढलीत साहेब. निम्म्या हृदयांवर काढलीत. उरलेल्या निम्म्यांना तुम्ही पेटीत घालून वायू सोडत होता, तोही माझ्या हातून."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, त्या वह्या संस्थेची मालमत्ता आहेत, उद्या सकाळी वर आणून द्या.

"वह्या मी दुकानातून आणल्या," बाई म्हणाल्या. "रेघासुद्धा मीच मारल्यात. त्या मी द्यायच्या त्याला दिल्यात."

चष्मेवालीला दिल्या होत्या. तिने तोवर मंडळाला पत्र लिहिलं होतं, सगळे चार गट आणि फुप्फुसांचा रकाना जोडून. मंडळाने खुलासा मागितला. मग साहेबांनी काय करावं? त्यांनी एका रात्रीत मत बदललं. पुढच्या सभेत उभे राहून म्हणाले, "वय आणि लिंग या दोन्ही अंगांनी हृदयाकडे बघण्याचा आग्रह आमच्या विभागाने पहिल्यापासून धरला." टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत तो दोन मिनिटांचा डॉक्टरही होता. शोधनिबंध निघाला, त्यात साहेबांचं नाव मोठं, आणि शेवटी बारीक अक्षरात 'प्राणीगृहातील कर्मचारी' यांचे आभार. लाज कोळून प्यायलेल्या माणसाला रंग बदलायला सरड्याएवढाही वेळ लागत नाही. पण एक मात्र झालं. ते औषध त्या रूपात माणसांपर्यंत गेलं नाही. कुणाची तरी साठीतली आई ते खाऊन तीन उशांवर झोपली असती, ती वाचली. तिला हे कधीच कळणार नाही.

चष्मेवालीचं साहेबांशी पटणं शक्य नव्हतं. ती दुसऱ्या संस्थेत गेली, वह्या घेऊन, आणि तिथून तिने बाईंचे आकडे छापले. त्या निबंधावर दोन नावं होती, दुसरं बाईंचं, पूर्ण. बाईंनी तो कागद घरी नेला. नवऱ्याने भिंग काढून वाचला आणि म्हणाला, "यातलं मला काही कळत नाही." बाई म्हणाल्या, "कळायचं नाहीच. नाव वाच." त्याने वाचलं. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी बाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवू लागला. तेवढं त्याच्या पदरात घालायला हरकत नाही.

बाई साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला होता, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. कडक हृदयाच्या बाईला त्रेसष्ट पायऱ्या चढायला सांगणारी ही हृदयाची संस्था. बाईंनी निरोप पाठवला की मी खाली आहे. वरून कुणी आलं नाही. साहेबांनी रिकाम्या खुर्चीला शाल दिली असं ऐकलं.

आम्ही दोघं खाली पिंजऱ्यांपाशी होतो. प्रयोगानंतर बाईंनी वाढवलेल्या म्हाताऱ्या माद्यांना न्यायला चष्मेवाली गाडी घेऊन येणार होती. बाई एकेक पिंजरा उतरवत, भुसा बदलत, बाटली भरत, मी तो दारापर्यंत नेई. तिसऱ्या पिंजऱ्यानंतर त्या स्टुलावर बसल्या.

"दम लागला?" मी विचारलं.

"हो."

मी हातातला पिंजरा खाली ठेवला. त्यांना पाणी दिलं आणि शेजारी बसलो. थोड्या वेळाने बाहेर गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला भाऊ, वरचा पिंजरा आधी घ्या. त्यातली ती कडेची सगळ्यात म्हातारी आहे, तिला हलवू नका फार."